एक्केचाळीस नंबरचं झाड

आधी बाईंचं सांगते, मग बाकीचं.

बाई म्हणजे चंद्रपुरात ज्यांच्या घरी मी गेली नऊ वर्षं आहे त्या. फार मोठ्या अर्थशास्त्रज्ञ. त्यांचं नाव इथं लिहायचं नाही, असं त्यांनीच बजावलंय. "माझं नाव पुष्कळ ठिकाणी छापून झालं. तुझ्या लिहिण्यात मी नुसती बाई बरी." त्यांनी मला आधी स्वयंपाकाला ठेवलं, मग चष्मा करून दिला, मग पुस्तक हातात दिलं. आणि मी, आठवी शिकलेल्या बाईनं, त्यांच्या पुस्तकातली चूक दाखवली तेव्हा त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. गाडी ठरवली, म्हणाल्या, "चल, दाखव."

त्या दिवसापासून माझं भ्यायचं निम्मं कमी झालं. निम्मं अजून आहे. गॅसचं बटण मी अजूनही तीनदा बघते.

माझं गाव धानोरा तालुक्यात, जंगलाला लागून. घरची धानाची शेती. आठवीनंतर आई बरीच आजारी पडली, धाकटीला सांभाळायला कोणीतरी घरी हवं होतं, ते कोणीतरी मी झाले. नववीत तीन महिने बसले होते, पण ते कोणी धरत नाही. लग्नानंतर नवऱ्याला कोळसा खाणीत काम लागलं आणि आम्ही चंद्रपूरला आलो. नकाशात बोटभर अंतर. पण दोन एसट्या बदलून, मांडीवर पोतडी धरून आलेल्या माणसाला ते बोटभर वाटत नाही. पहिली दोन वर्षं मी चौकापलीकडे एकटी गेले नाही.

बाईंकडे कामाला लागले तेव्हा त्यांची नजर जायला लागली होती. मधलं दिसायचं नाही, कडेकडेचं दिसायचं. एक दिवस त्यांनी विचारलं, "तुला वाचता येतं?" मी म्हटलं, "येते, पन हळू." तर म्हणाल्या, "मलाही हळूच ऐकायला आवडतं."

असं माझं वाचणं सुरू झालं. सकाळी भाजी फोडणीला टाकायच्या आधी एक तास. आधी पेपर, मग त्यांना आलेली पत्रं, मग त्यांचीच जुनी पुस्तकं, कारण त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि त्यांना ते पुन्हा एकदा पुरतं ऐकायचं होतं. मधेमधे त्या स्वतःची आठवण सांगायच्या. अशी तुकड्यातुकड्यांनी मला त्यांची गोष्ट कळली.

बाई बल्लारपूरच्या. वडील कागदाच्या कारखान्यात होते. त्यांच्या सदऱ्याला बांबूच्या लगद्याचा वास यायचा, आणि तो वास असलेल्या घरात कोऱ्या कागदाची मात्र चणचण होती, हे बाई हसून सांगायच्या. घरच्यांनी धम्म घेतला तेव्हापासून मुलींना शिकवायचं हे घरात ठरलेलंच होतं, त्यावर चर्चा नव्हती. पॅसेंजर गाडीनं चंद्रपूरच्या कॉलेजात यायच्या. अर्थशास्त्र का घेतलं? "दुसऱ्या विषयाच्या खिडकीपुढं रांग मोठी होती आणि माझी परतीची गाडी सुटत होती." मग नागपूर, दिल्ली, मग शिष्यवृत्तीवर परदेश. तिथं थंडीत पायमोजे घालून, त्यावर अजून पायमोजे घालून त्या अभ्यास करायच्या.

परत आल्या त्या सरळ आमच्या जंगलात. तेव्हाचे मोठमोठे लोक म्हणायचे की इथल्या घरात उत्पन्न नाही, मग ही माणसं जगतात कशावर ते कळत नाही. बाई एकेका घराच्या चुलीपुढं जाऊन बसल्या. आज काय शिजलं, ते कुठून आलं, किती आलं. तराजू सोबत. रानभाजी, सात्या म्हणजे पावसाळी अळंबी, कंद, बांबूचे कोंब, मासे, सगळं तोलून वहीत. कचेरीतले लोक त्यांना "भाजी तोलणारी बाई" म्हणायचे. पुढं तेच पुस्तक झालं, आणि हसणारेच ते पुस्तक काखोटीला मारून फिरायला लागले. बाईंना सरकारी समित्यांवर बोलावणी आली. आजही भेटायला येणारे मास्तर लोक सांगतात की जंगलातून घरात येणारं अन्न हिशेबात धरायचं असतं, हे आम्ही यांच्याकडून शिकलो. मी चहा ठेवताना ऐकायचे आणि माझी मान उगाच ताठ व्हायची, जणू मीच तोललं सगळं.

म्हणूनच सातव्या प्रकरणाशी आले तेव्हा माझी जीभ अडली.

प्रकरण मोहाच्या झाडांवर होतं. त्यात लिहिलं होतं की जंगलातलं मोहाचं झाड कोणाचंच नसतं. जो आधी पोचेल त्याची फुलं. म्हणून लोक घाई करतात, झाडाखाली बेफिकीर आगी लावतात. यावर उपाय असा, की प्रत्येक झाडाला नंबर द्यावा आणि चिठ्ठ्या टाकून झाडं घरांना वाटून द्यावीत.

नंबर.

मी चौथीत होते. गावात एक जीप आली होती, पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन. मोहाच्या झाडांवर नंबर टाकले, शाळेच्या पडवीत चिठ्ठ्या काढल्या. नाल्याकाठचं आमचं झाड, ज्याखालची जागा आई दर फाल्गुनात, गळणारी फुलं वेचता यावीत म्हणून, सफा करायची आणि तिच्या आधी तिची सासू करायची, त्याच्यावर पडला नंबर एक्केचाळीस. आणि चिठ्ठी निघाली आईच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला. त्या मैत्रिणीचं झाड तिसऱ्याच घराला. आईनं सवयीनं जागा सफा केली, मैत्रीण चिठ्ठी घेऊन टोपली घेऊन आली. दोघींच्या टोपल्या तिथंच पालथ्या झाल्या. एका हंगामात गावानं नंबर विसरून टाकले, झाडं परत ज्याची त्याला गेली. पण त्या दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. लग्नाच्या पंगतीत एक या टोकाला, एक त्या टोकाला.

ती जीप कोणाच्या लिहिण्यावरून आली होती, हे मला त्या सकाळी कळलं. माझ्या हातातल्या पुस्तकावरून.

बाईंनी विचारलं, "काऊन थांबली वो?"

"चष्मा सरकला," मी म्हटलं, आणि तो दिवस निभावला. घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवायचा थांबला. "पुस्तक लिवलं त्याईनं, दुनिया वाचून राह्यली, अन् चूक तू काढून राह्यली? आठवी पास?"

"नववीत तीन महिने बसली होती मी."

"मंग तं झालंच! उद्यापासून तुह्या जागी दुसरी बाई ठेवतीन त्या. तोंड बंद ठेव."

खरं होतं त्याचं. मला तेच भय होतं. ते घर सुटलं तर मला दुसरं काम मिळालं असतं, पण तो सकाळचा एक तास कुठं मिळणार होता? आणि दुसरीकडे, नवी आवृत्ती छापायला जायला पंधरा दिवस उरले होते. एकदा छापून झालं की ते सातवं प्रकरण अजून कितीतरी पोरं पाठ करणार, आणि त्यातला एखादा पुन्हा रंगाचे डबे घेऊन कोणाच्या तरी गावात उतरणार.

दुसऱ्या दिवशी मी मधला मार्ग काढला. मूर्खपणाचा. "जो आधी पोचेल त्याची फुलं" हे वाक्य सोडून पुढचं वाचलं.

बाई खुर्चीत सरळ झाल्या. "एक वाक्य गिळलंस."

बाई बल्लारपूरकडचं बोलत असल्या म्हणजे मजेत असतात, आणि पुस्तकी बोलायला लागल्या म्हणजे रागात, हे मला ठाऊक होतं.

"बाई, ते वाक्य... तसं नाई ते."

"म्हणजे?"

"जो पयले जाईन त्याचं, असं नाई होत. आमच्याकडं कोनतं झाड कोनाचं ते सबन गावाले माहीत राह्यते."

"मी त्या भागातल्या गावागावांत विचारलं होतं. प्रत्येक ठिकाणी हेच उत्तर मिळालं, की झाड जंगलाचं आहे, कोणाचं नाही."

"कोनाले विचारलं होतं?"

हा प्रश्न माझ्या तोंडून कसा गेला कोण जाणे. त्यांनाही तो कोणी फारसा विचारला नसावा. म्हणाल्या, "चावडीवर बसलेल्या पुरुषांना. भाज्यांचं बायकांना विचारलं, पण झाडांचं पुरुषांना."

"मोहा तं बाया वेचतेत, बाई. अन् वहीवाल्या मानसापुढं जंगलातलं झाड माहं म्हनाची कोनाची हिंमत? उद्या म्हनतीन, जंगल बळकावून राह्यला. मानसं जंगलाचंच म्हनतीन. माहा बापही तसाच म्हनला असता. आनखी एक. झाडांचं इचाराले कोनत्या महिन्यात गेल्ता तुमी?"

"मे."

"मे मंदी फुलं कुठी? तवा तं खाली नुसती काळी जागा दिसते."

कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. मग त्यांनी सुरू केलं. एकेक प्रश्न, आणि उत्तर अर्धं असलं तर परत तोच प्रश्न.

"झाड कोणाचं हे ठरवतं कोण?"

"कोनी नाई. खालची जागा ज्या घरानं सफा केली त्याचं. पाहूनच समजते."

"दोघींनी सफा केली तर?"

"असं होत नाई, बाई."

"होत नाही हे उत्तर नाही. दोघींनी केली तर?"

"मंग ज्या घरानं मागल्या साली केली होती त्याचं. त्या घरच्या बाईनं म्हटलं, यंदा तू घे, तं दुसरीचं."

"आणि आग?"

"वारा पडला का पाला जाळतेत. जवळ पान्याची गुंडी ठेवून. सफा केलेल्या गोलाच्या बाहेर आग गेली तं त्या बाईचं झाड त्या सालापुरतं गेलं. मंग कोन बेफिकीर राहीन?"

"ज्या घरात मयत झाली, बाळंतपण आलं, त्यांचं काय?"

"त्यांची जागा दुसरी कोनीतरी सफा करते. फुलंही वेचते, अन् टोपली त्यांच्या दारात ठेवून देते. कोनं ठेवली ते इचाराचं नसते."

हे ऐकल्यावर बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. मग मी नंबर एक्केचाळीसचं पण सांगून टाकलं. इतकं झालंच होतं तर तेवढं का ठेवायचं. आईच्या मैत्रिणीचं, पालथ्या टोपल्यांचं, पंगतीतल्या दोन टोकांचं.

"तू म्हणतेस म्हणून मी एक अक्षरही बदलणार नाही," बाई म्हणाल्या. त्या पुढं म्हणाल्या, "मी तेव्हा ऐकून लिहिलं, तोच गाढवपणा झाला. सध्या कोनता महिना चालू आहे वो? फाल्गुन ना? चल मंग. दाखव मले."

त्या एका "मले"वर मला रडूच आलं.

पुस्तक छापणाऱ्यांना त्यांनी माझ्यादेखत फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, सातव्याला हात लावू नका, ते प्रकरण कॉलेजांमध्ये शिकवतात."

"म्हणूनच घाई आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नवऱ्याच्या ओळखीची गाडी केली. मूल, सावली, गडचिरोली ही गावं करत निघालो. पुढच्या सीटवर बाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हातात काठी. पूर्ण रस्ताभर विचारत होत्या, आता काय दिसतं, पळस फुलला का, शेतात काय आहे. मी सांगत होते. मला वाटलं, इतकी वर्षं मी या रस्त्यानं भीत भीत गेले, कधी नीट पाहिलंच नव्हतं.

आईला मी नुसतं सांगितलं होतं की माझ्या बाई येणार आहेत. नंबरांचं सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. पण बाईंनी अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या, अजून बसल्याही नव्हत्या, स्वतःच सांगितलं. "तुमच्या झाडांवर नंबर टाकावेत, असं मी लिहिलं होतं."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हंजे नंबरवाली बाई तुमीच? आमाले वाटे कोनी मानूस असन!"

"मीच."

"तुमच्यापायी माही मैत्रीन दोन साल गेली."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. उन्हात उभ्या होत्या, काठीवर दोन्ही हात.

आईनं त्यांच्या काठीकडं पाहिलं. "चुकलं तं चुकलं," ती म्हणाली, "उनात काऊन उभ्या? बसा, पानी घ्या." आणि माझ्यावर ओरडली, "तू काय पाहून राह्यली? खाट टाक!"

ती मैत्रीण तीन घरं सोडून राहते. तिला बोलावणं गेलं. ती आली ती पदर खोचूनच. "मले तं ते झाड पायजेच नवतं. चिठ्ठी निंगाली म्हून गेल्ती मी."

"हो ना, अन् टोपली कोनं पालथी केली?" आई.

"पयले तू केली!"

"मी? मी तं तुह्या टोपलीले हातबी नाई लावला!"

दोघी म्हाताऱ्या भांडत होत्या आणि हसत होत्या, आणि बाई मधे बसून म्हणत होत्या, "थांबा, थांबा, एकेक बोला, ही लिहून घेऊन राह्यली." मी लिहून घेत होते. नवी वही, गाडीत बसायच्या आधी बाईंनी दिलेली. माझ्या आईचं बोलणं मी पहिल्यांदा कागदावर उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही झाडांकडे गेलो. जागा सफा झालेल्या होत्या, काही घरांच्या बाकी होत्या. बाईंना मधलं दिसत नव्हतं, पण पायाला कळत होतं. पाचोळ्यातून चालता चालता एकदम पायाखाली स्वच्छ, कठीण जमीन लागली की त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "हे कोणाचं?" सोबतची कोणीतरी सांगायची, हे अमकीचं, हे तिच्या जावेचं. एकाही झाडावर उत्तर अडलं नाही. नाल्याकाठी आल्यावर मी त्यांचा हात धरून खोडावर ठेवला. पांढरा रंग पुसट झालाय, पण चार आणि एक अजून कळतात. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

मग आई म्हणाली, "तिकडं एक झाड खाली आहे यंदा. ते लोक कामाले परगावी गेले, येनार नाईत. करा सफा. मंग सालापुरतं तुमचं."

आणि तिनं खरंच बाईंच्या हातात खराटा दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिल्लीत ज्यांच्यासाठी लोक उठून उभे राहायचे त्या बाईंच्या हातात माझ्या आईनं खराटा दिला होता. पण बाई वाकून सुरू झाल्या. काठी एका हातात, खराटा दुसऱ्यात. अर्धा तास झाला तरी चतकोर जागाही झाली नाही.

"एवढ्या वेळात मी नांगरून सोडली असती," आई म्हणाली आणि दुसरा खराटा घेऊन उतरली. मैत्रीणही उतरली. मी वही ठेवून दिली.

चंद्रपूरला परतल्यावर बाईंनी सातव्या प्रकरणाला हात लावला नाही. ते होतं तसंच ठेवलं, कारण चूक झाकली तर ती कशी झाली ते पुढच्यांना कळणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्याच्या पाठीमागं नवं प्रकरण घातलं. त्याचं पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: "याआधीचं प्रकरण चुकीचं आहे." मी विचारलं, "असंच लिहू?" "असंच." पुढं त्यांनी आपण कोणत्या महिन्यात गेलो, कोणाला विचारलं, कोणाला विचारलं नाही, ते सारं घातलं. माझं नाव घालायचं म्हणाल्या, मी हात जोडले. मग "मला पुस्तक वाचून दाखवणाऱ्या बाईंनी ही चूक पकडली" एवढं घातलं. ते पान मी आईला फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणाली, "एक्केचाळीस लिवलं का?" लिहिलं होतं.

छापून आल्यावर काही मास्तर लोकांनी बाईंना फोन केले. या वयात कशाला, असं एकजण म्हणाला. बाईंनी त्याला विचारलं, तू फाल्गुनात कधी जंगलात गेला आहेस का. नव्हता गेला. त्याच्याशी बोलताना त्या बल्लारपूरकडचंच बोलल्या.

आता बाईंना कडेकडेचंही दिसत नाही. सकाळचा तास अजून आहे, वाचते मी, आता बऱ्यापैकी वेगानं. त्या कधीकधी विचारतात, "माझं झाड काय म्हणते वो?" कारण ते घर परत आलंच नाही आणि रीतीप्रमाणे झाड बाईंकडेच राहिलं. दर फाल्गुनात मी जाते, जागा सफा करते. मला जमलं नाही त्या वर्षी आई करते, नाहीतर तिची मैत्रीण. फुलांची टोपली चंद्रपूरला येते. कोणी ठेवली ते आम्ही विचारत नाही.

पण ही काही परतफेड नव्हे. हे तर गावात कोणीही कोणाचं करतं. बाईंचं जे माझ्यावर आहे ते वेगळं आहे, आणि त्याचं काय करायचं ते मी ठरवलंय. त्यांनी दिलेल्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. आमच्या बाजूच्या गावांत मोहाची, टेंभराची म्हणजे तेंदूची, चाराची म्हणजे चारोळीची झाडं कोणी कशी राखली, ते बायांना विचारून, बरोबर महिन्यात जाऊन मी लिहिणार आहे. एकटी, एसटी बदलत. भीत भीत का होईना. आणि ते पुरं झालं की पहिलं वाक्य ते अगदी शेवटचं, एकही न गिळता, बाईंच्या खुर्चीशेजारी बसून वाचून दाखवणार आहे. बाई, तेवढ्यासाठी थांबा. मी आणून देईन.